मैत्रीचा बाक



“ती फार विचार करत बसते,” असं आपण एखादीबद्दल सहज म्हणतो. आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशातही बायका असंच म्हणतात. त्यांच्या शोना भाषेतला शब्द आहे ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणं. दोन आठवड्यांच्या वर मन उदास राहतं, कशात जीव लागत नाही, झोप-भूक बिघडते, जगणं नकोसं होतं, तेव्हा डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. तो आजार आहे. आळस नाही, बाहेरची बाधाही नाही.

२००५ च्या सुमारास तिथे मनाच्या आजारांचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्यांतले एक डॉ. डिक्सन चिबांडा. त्यांच्या एका तरुण पेशंटने जीव दिला. तिला दवाखान्यात का आणलं नाही? आईने सांगितलं, बसभाड्याला पैसे नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं, उपचारच वस्तीत न्यायचे.

२००६ मध्ये हरारे शहरातल्या म्बारे वस्तीत त्यांच्या मदतीला आल्या १४ आज्या. आपल्या आशाताईंसारख्या त्या आधीपासून आरोग्याचं काम करत होत्या. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवला. त्याचं नाव ‘मानसिक आरोग्याचा बाक’. आज्या म्हणाल्या, या नावाच्या बाकावर कुणी बसणार नाही. मग तो ‘मैत्रीचा बाक’ झाला.

आजी आधी सगळं ऐकून घ्यायची. मग अनेक अडचणींतली एकच निवडायला लावायची आणि त्यावर काय करता येईल, हे त्या बाईकडूनच ठरवून घ्यायची. जास्त आजारी असेल तिला पुढे पाठवलं जाई. २०१६ मध्ये ५७३ जणांचा अभ्यास छापून आला. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा बराच कमी होता.

आपल्या शेजारच्या गोव्यातही डॉ. विक्रम पटेल यांच्या पथकाने सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून हे काम करून पाहिलं. २०१० मध्ये निकाल आला, तिथेही गुण आला होता.

आपण गटाच्या बैठकीत हप्ता विचारतो, तसं मनाचंही विचारू या. ऐकून घेऊ, आरोग्य केंद्रात सोबत जाऊ. गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस मोफत लागतो.

आणि तिच्याकडे बसभाडं नसेल, तर ते आपल्या गटाने द्यावं.