दगड कोणी घडवले आणि आत कोणाला घेतले?

स्थापत्यशैलींचा इतिहास आपल्याला नावांची यादी म्हणून शिकवला जातो. नागर, द्राविड, वेसर, हेमाडपंती, इंडो-इस्लामी, गॉथिक. परीक्षेला उतरवायचे आणि विसरायचे. या यादीत राजे असतात, प्रधान असतात, घराणी असतात. दगड फोडणारा, वीट भाजणारा, चुना मळणारा माणूस नसतो. म्हणून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या भावाबहिणींना आमचे सांगणे आहे की कोणतीही इमारत पाहताना दोन प्रश्न विचारा. ही बांधली कोणी? आणि बांधून झाल्यावर आत प्रवेश कोणाला मिळाला? या दोन प्रश्नांनी पाहिले की शैलींचा सगळा इतिहास वेगळा दिसू लागतो. त्यासाठी सोलापूर आणि भोवतालचा मुलूख पुरेसा आहे.

नाव कोरणारे कारागीर

सुरुवात लेण्यांपासून करू. भाजे येथील चैत्यगृह इ.स.पू. दुसऱ्या शतकातले. कार्ल्याचे त्यानंतरचे. त्या काळच्या इमारती लाकडाच्या होत्या, म्हणून दगडात कोरतानाही लाकडी घराचाच आकार कोरला गेला. कार्ल्याच्या छताला तर आजही मूळच्या लाकडी फासळ्या आहेत. शैली आकाशातून पडत नाही, सुताराच्या हातातून ती पाथरवटाच्या हातात जाते, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

आता रचना पाहा. लांबट दालन, टोकाला स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि खांबांमागून स्तूपाभोवती फिरणारा प्रदक्षिणापथ. सर्वात पवित्र वस्तू दारातून थेट समोर दिसते. तिच्यापुढे आणखी एक दार नाही, उंबरठा नाही, 'इथून पुढे फक्त आम्ही' असे म्हणणारा कोणी नाही.

आणि भिंतींवर नावे आहेत. कार्ल्याच्या शिलालेखांत धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले खांब आहेत, सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे दान आहे आणि दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले काम नोंदवले आहे. दगडाच्या पाट्या वाहणाऱ्या मजुरांची नावे तिथेही नाहीत, हे खरेच. पण हाताने काम करणारा माणूस धम्माच्या वास्तूवर आपले नाव लिहू शकत होता, ही गोष्ट छोटी नाही.

सोलापूर हे विणकरांचे शहर, म्हणून आणखी एक दाखला. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. भिक्खूंच्या चीवरासाठी आणि इतर खर्चासाठी त्याने 3000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कुठे? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. 2000 एका श्रेणीत दरमहा शेकडा एक दराने आणि 1000 दुसऱ्या श्रेणीत शेकडा पाऊण दराने. म्हणजे विणकरांची संघटना त्या काळची बँक होती. राजाचा जावई तिच्यावर विश्वास ठेवत होता आणि तिच्या व्याजावर लेण्यातला संघ चालत होता.

तेर काय सांगते?

सोलापूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. हेच प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरहून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. आणि गावात त्रिविक्रमाचे देऊळ उभे आहे. त्याचा मागचा भाग विटांचा, गजपृष्ठाकार, वर अर्धगोल छत. लेण्यातले चैत्यगृह उचलून जमिनीवर ठेवावे तसे. पुढचा मंडप नंतर जोडलेला. हेन्री कझेन्स या पुरातत्त्वज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत मांडले. काही अभ्यासकांना ते मान्य नाही. गजपृष्ठाकार रचना ब्राह्मणी देवळांनीही वापरली, असे ते म्हणतात आणि ऐहोळेच्या दुर्ग मंदिराकडे बोट दाखवतात.

इथे आम्हाला आपल्याच लोकांशी थोडे बोलायचे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'प्रत्येक देऊळ मूळचे विहारच' असे संदेश फिरतात. आपण ते पुढे ढकलतो. मित्रहो, बाबासाहेबांनी आपल्याला पुराव्याने भांडायला शिकवले. जिथे पुरावा आहे तिथे तो इतका भक्कम आहे की अतिशयोक्तीची गरजच नाही. लेण्याद्रीचा गणपती बौद्ध विहारात बसला आहे, हे पुरातत्त्व खातेच सांगते. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना 'पांडवलेणी' म्हटले जाते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे देऊळ आहे. हे ठामपणे सांगा. पण तेरबद्दल बोलताना वीट, आराखडा आणि उत्खनन घेऊन बोला. एक खोटा दावा आपले दहा खरे दावे बुडवतो.

गाभारा आणि गावकूस

पुढे देवळांचा काळ आला. मंडप, अंतराळ, गाभारा. एकापुढे एक दारे, आत आत जाणारा अंधार आणि प्रत्येक उंबरठ्यावर थांबणारी एकेक जात. समाजाची उतरंड आराखड्यातच बांधली गेली. कोरीव काम अप्रतिम आहे, ते नाकारायचे कारण नाही. ते आपल्याच हातांचे आहे. प्रश्न दाराचा आहे.

नावाचेही राजकारण पाहा. चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून बांधलेल्या देवळांना आपण 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. पण अंबरनाथचे शिवमंदिर 1060 चे. आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथल्या मंदिरातला प्रसिद्ध मराठी शिलालेख शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधी पाथरवट ही विद्या जाणत होते. तरी श्रेय मंत्र्याला मिळाले आणि पाथरवटाची विद्या बिननावाची राहिली.

या जिल्ह्याने याचे सर्वात कडू उदाहरण पाहिले आहे. परंपरा सांगते की मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा आणि इतर मजूर गाडले गेले. साल 1338. गावकूस म्हणजे काय? ज्या भिंतीच्या आत महारांना राहायला जागा नव्हती तीच भिंत. ती बांधताना महारच मेले. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. ते देऊळ अस्पृश्यांना उघडायला 1947 साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. 1948 साली बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला, तो उगाच नाही.

घुमटापासून चाळीपर्यंत

बहामनी आणि आदिलशाही काळात कमान, घुमट आणि चुन्याचे बांधकाम आले. सोलापूरचा भुईकोट त्याच काळातला. विजापूरचा गोलघुमट तर आतून सुमारे 38 मीटर व्यासाचा, मध्ये एकही खांब नाही. मशिदीची रचना सर्वांना एका रांगेत उभे करते, हे मान्य करायला हवे. पण चुना भाजणाऱ्याची, दगड ओढणाऱ्याची वस्ती वेशीबाहेरच राहिली. सत्ता बदलली, शैली बदलली, वस्तीची जागा बदलली नाही.

इंग्रजांच्या काळात 1877 साली सोलापुरात कापडाची 'जुनी मिल' सुरू झाली. उंच धुराडी ही या शहराची नवी शिखरे बनली. गावकूस सोडून आलेला माणूस मिलच्या चाळीत आला. खोली लहान, पण भाड्याची पावती त्याच्या नावावर. खुद्द बाबासाहेब मुंबईत परळच्या चाळीतल्या छोट्या खोलीत राहिले. पुढे त्यांनी दादरला घर बांधले, नाव ठेवले 'राजगृह' आणि त्यात ग्रंथांना मानाची जागा दिली. देवघराच्या ठिकाणी ग्रंथालय, ही आमच्या मते आधुनिक भारतातली एक महत्त्वाची स्थापत्यघटना आहे.

नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप वास्तुविशारद शिवदानमल यांनी सांचीच्या धर्तीवर रचला. 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यात एक मोठा फरक आहे. सांचीचा स्तूप भरीव आहे, आपण बाहेरून प्रदक्षिणा घालतो. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे, माणसे आत जातात. ज्यांना हजार वर्षे बाहेर ठेवले, त्यांच्या वास्तूत आत जायची सोय आधी हवी. हाच आमच्या शैलीचा अर्थ.

आता आपण काय बांधतो?

आपल्या वस्त्यांत विहार उभे राहत आहेत, आनंदाची गोष्ट आहे. पण दर्शनी भागावर सिमेंटची चैत्यकमान लावली, संगमरवर बसवला आणि वर्षातून दोनदा कुलूप काढले, तर ती धम्माची वास्तू होत नाही. विहारात अभ्यासिका हवी, रात्री दिवा हवा, बायकांना सभेला बसता येईल अशी जागा हवी. आणि कोनशिलेवर उद्घाटक नेत्याच्या नावाखाली गवंड्याचे, बिगारी बाईचेही नाव हवे. कार्ल्याच्या सामी सुताराचा तो वारसा आहे.

स्थापत्य म्हणजे फक्त स्मारके नव्हेत. कुंभारी येथे असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांची रे नगर वसाहत उभी राहत आहे. त्यातली 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. ती लढून मिळाली आहेत. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या बाईच्या नावावरचे पक्के घर ही या जिल्ह्याच्या स्थापत्याच्या इतिहासातली नोंद आहे. पुस्तकात ती नसेल तर आपण लिहू.

पुढच्या सुट्टीत तेरला जा, कुडलला जा, मंगळवेढ्याला जा. वही न्या, मोजपट्टी न्या, ब्राह्मी लिपी शिकायला घ्या. सेल्फीपुरते जाऊ नका. आपल्या पूर्वजांनी दगडात जे लिहून ठेवले ते वाचणारे आपल्यातलेच हवेत.

जय भीम!