शेकरूचा रंग खरा कोणता?

वाचकहो, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत, आहुप्याच्या रानात शेकरू पाहिले असेल, तर त्याची तांबूस पाठ तुम्ही विसरणार नाही. पण छायाचित्राने ती नेहमी खरी दाखविली काय? पूर्वीच्या काचांना मुख्यतः निळा प्रकाशच कळे; तांबडे ते काळे उमटे. १८७३ साली जर्मनीतील फोगेलने काचेच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवाही दाखविला. १९७६ साली बायरला तिरंगी गाळण्यांच्या मांडणीचे पेटंट मिळाले. त्या गाळण्यांमागे आजचा कॅमेरा नुसते आकडे टिपतो. ज्ञात रंगांच्या तक्त्यावरून बेतलेली ‘प्रोफाइल’ त्यांना अर्थ देते. ती चुकली, की तांबूस पाठ पिवळट होते! शेकरूच्या उपजाती रंगावरूनच ओळखू पाहतात. म्हणून मूळ आकडे जपा, प्रोफाइलचे नावही लिहून ठेवा, बरे का!