पत्र्याकडून फेराइटकडे
चुंबकक्षेत्र बदलताना लोखंडी गाभ्यात उठणारे भोवरी प्रवाह वारंवारतेबरोबर वाढून गाभा तापवतात, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो परस्परांपासून विलग केलेल्या पातळ पत्र्यांचा रचला जाऊ लागला. रेडिओच्या वारंवारतेला मात्र हा उपाय अपुरा पडला. १९३० मध्ये टोकियोत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी फेराइट, म्हणजे लोहासह इतर धातूंची ऑक्साइडे मिसळून भाजलेले चुंबकीय द्रव्य, घडवले. त्यातून वीज फारशी वाहत नसल्याने भोवरी प्रवाहांचे मूळच खुंटले, आणि १९३५ मध्ये या शोधावर टीडीके कंपनी उभी राहिली. उष्णतेपुढे मात्र हे द्रव्य दुबळेच: क्यूरी तापमान, म्हणजे ज्यापलीकडे असे चुंबकत्व नाहीसे होते ती मर्यादा, लोखंडासाठी सुमारे ७७० अंश सेल्सियस, तर अनेक मँगनीज-झिंक फेराइटांसाठी जेमतेम २०० अंशांच्या आसपास असते.