लक्ष कोण ठेवणार? चाकूरच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट

चाकूरमध्ये कुणाकडेच थर्मोस्टॅट नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. तो फ्रिजमध्ये आहे, इस्त्रीत आहे, गिझरमध्ये आहे. इस्त्री पुरेशी तापली की तिचा दिवा 'टक्' करून विझतो, ते काम त्याचंच. पण भिंतीवर लावलेला, वाय-फायला जोडलेला आणि पुण्यात बसून मोबाइलवर बघता येणारा थर्मोस्टॅट आमच्या गल्लीत नव्हता. गेल्या उन्हाळ्यात तो मी आमच्या घरी बसवला. बसवताना एक प्रश्न डोक्यात राहिला. हे यंत्र यायच्या आधी हे काम कोण करत होतं? घर किती तापलंय यावर लक्ष ठेवायचं आणि जास्त तापलं की काहीतरी करायचं, एवढंच तर काम. उत्तर शोधायला गेलो तेव्हा एक वाट अमेरिकेतल्या एका वर्गात गेली आणि दुसरी थेट किल्लारीला.

घंटी

सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच माणसानं इंग्लंडमध्ये अंडी उबवायची एक पेटी केली होती. आतली उष्णता वाढली की पारा वर सरकायचा आणि हवेची झडप बंद व्हायची. आग आपोआप मंद. 'थर्मोस्टॅट' हा शब्द मात्र १८३० मधला. स्कॉटलंडच्या अँड्र्यू यूर या रसायनतज्ज्ञानं त्या वर्षी पेटंट घेतलं. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडायच्या. तापल्यावर एक जास्त पसरते, एक कमी, आणि जोडपट्टी वाकते. त्या वाकण्यानं झडप उघडा किंवा वीज तोडा. बऱ्याचशा इस्त्र्यांमध्ये आजही हीच युक्ती आहे.

घराच्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची गोष्ट मात्र एका शिक्षकापासून सुरू होते. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन शिकवायचे. थंडीत वर्ग उबदार ठेवायला तळघरात भट्टी होती. शाळेचा शिपाई वर्गावर्गात शिरून तापमान बघायचा, मग खाली जाऊन झडपा कमी-जास्त करायचा. शिकवणं दर वेळी मोडायचं. जॉन्सननी विजेवर चालणारं एक उपकरण केलं आणि १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वर्गातलं तापमान ठरलेल्या आकड्याच्या बाहेर गेलं की तळघरात घंटी वाजायची.

त्या उपकरणानं भट्टीला हात लावला नाही. त्यानं फक्त भट्टीजवळच्या माणसाला कळवलं. आजच्या भाषेत ते नोटिफिकेशन होतं. लक्ष ठेवायचं काम शिपायाकडून यंत्राकडे गेलं, कृती माणसाकडेच राहिली.

दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, मिनिआपोलिसच्या अल्बर्ट बुट्झनी तीही काढून घेतली. खोली गार झाली की एक छोटी मोटर साखळी ओढायची आणि भट्टीची झडप उघडायची. बुट्झच्या धंद्यातूनच पुढे, अनेक विलीनीकरणं होऊन, हनीवेल कंपनी तयार झाली. तिचा १९५३ चा गोल थर्मोस्टॅट अमेरिकेतल्या लाखो घरांत बसला. याच हनीवेलनं टाटांबरोबर पुण्यात कंपनी काढली. ती आज हडपसरला हनीवेल ऑटोमेशन इंडिया नावानं आहे आणि कारखान्यांच्या नियंत्रणाची कामं करते. माझ्यासारखी मराठवाड्यातून आलेली कितीतरी पोरं हडपसरच्या त्या रस्त्यावरून रोज ऑफिसला जातात.

माळवद

चाकूरला भट्टीची गरज कधीच नव्हती. आमचा प्रश्न उलटा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्री मात्र बराच खाली येतो. दिवस-रात्रीतल्या या फरकावर इथलं जुनं घर उभं होतं.

चिखलात रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फुटी भिंती. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर फूट-दीड फूट मातीचा थर. हे माळवद. उजेडाला आणि धुराला छतात एक भोक, ते साणं. पावसाच्या आधी दरवर्षी माळवदावर नवी माती टाकायची, चोपायची, म्हणजे घर गळत नाही. दिवसभराचं ऊन ही माती पिऊन घ्यायची आणि रात्री आकाशाला परत करायची.

इंजिनिअरिंगला उष्णतेच्या लाटेचं एक ढोबळ सूत्र शिकवतात. छत जाड असेल तर बाहेरच्या उन्हाचा परिणाम आत उशिरा पोचतो आणि पोचेपर्यंत विरत जातो. ते सूत्र मी दोन छतांना लावून बघितलं. दीड फूट मातीतून दुपारचा तडाखा आत यायला साधारण बारा-तेरा तास लागतात, आणि बाहेरच्या चढ-उतारातले शंभरातले तीन-चार भागच आत उरतात. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबला जेमतेम साडेतीन तास लागतात, आणि शंभरातले चाळीस भाग आत येतात. हे कागदावरचं गणित आहे. वारा, खिडक्या, माणसं त्यात नाहीत. तरी मे महिन्यात संध्याकाळी सहाला स्लॅबखाली बसलेल्या कुणालाही ते पटेल. पंखा लावला तर वरून गरम हवाच अंगावर येते.

मात्र भिंत एकटी काही करत नव्हती. सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या लावायच्या, दिवस मावळला की उघडायच्या, अंगणात सडा टाकायचा, दारावर ओलं पोतं सोडायचं. हे सगळं घरातल्या बाया करायच्या. माझी आजी अजून करते. भिंत म्हणजे यंत्र धरलं तर आजी म्हणजे त्याचा सेन्सर आणि स्विच, दोन्ही. तिच्या या कामाची नोंद कुणी ठेवली नाही. व्हाइटवॉटरच्या शिपायाची निदान गोष्ट तरी सांगितली जाते.

३० सप्टेंबर १९९३

गणपती विसर्जनाची रात्र होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. तीव्रता ६.२ च्या आसपास. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं झोपेतच गाडली गेली. अधिकृत आकडेवारीप्रमाणं जवळजवळ आठ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली.

घर गार ठेवणारी माती आणि माणसं मारणारी माती एकच होती. पाऊस आत येऊ नये म्हणून दरवर्षी टाकलेल्या थरांनी छताचं ओझं वाढवत नेलं होतं. भिंतींचे बाहेरचे आणि आतले दगड एकमेकांत गुंफलेले नव्हते. हादरा बसला तशा त्या मधून फाटल्या आणि छत खाली आलं. त्यातही जिथं छत भिंतींवर न टेकता लाकडी खांबांवर होतं, ती खणांची घरं बऱ्याच ठिकाणी तगली.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. दुसरीकडे जुनी घरं मजबूत करायचं कामही चाललं होतं. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे जोडदगड घाला, सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा द्या. म्हणजे जाड भिंत सोडून द्यायलाच हवी, असं शास्त्र म्हणत नव्हतं. पण भीतीला एवढा तपशील ऐकू येत नाही. लोक कित्येक महिने घराबाहेर झोपले. दगडमातीवरचा भरवसा उडाला तो उडालाच.

चाकूर किल्लारीपासून लांब. इथं तसा विध्वंस झाला नाही, पण भीती इथपर्यंत आली. आमच्या बाबांनी जुन्या घरापुढं स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. मागची दोन खणांची, खांबांवरची खोली तेवढी ठेवली, आणि तिच्या माळवदावरचे वरचे थर उतरवून ओझं कमी केलं. माझा जन्म स्लॅबच्या घरातला. 'सिमेंटचं घर' हा शब्द आमच्याकडे अजूनही सुरक्षित या अर्थानं वापरतात, आणि ज्यांनी १९९३ पाहिलंय त्यांच्याशी मी त्यावर वाद घालणार नाही.

चोवीस अंश

भिंतीनं सोडलेलं काम मग कूलरकडे आलं. कोरड्या हवेत पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. मेमध्ये झकास. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर फक्त घामात भर घालतो. आणि त्याला पाणी लागतं. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात एका दुपारीत टाकी रिकामी करणारा कूलर लावायचा कुणी?

मग हप्त्यावर एसी आले. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या रूम एसींचं सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं केंद्र सरकारनं बंधनकारक केलं. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा सरकारी हिशेब आहे. वॉरन जॉन्सनच्या वर्गात आकडा शिक्षक ठरवायचे. आता दिल्लीतून ठरलेला आकडा पहिल्यांदा स्क्रीनवर येतो. तो बदलता येतो, पण आमच्या गल्लीत किती जण रिमोटवरचं ते बटण दाबतात, हे तुम्हीही तुमच्या घरी बघा.

बसवणं

अमेरिकेत २०११ मध्ये नेस्ट आला. माणसाच्या सवयी शिकणारा, वाय-फायवरचा थर्मोस्टॅट. २०१४ मध्ये गूगलनं ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरला विकत घेतली. तो तिथल्या मध्यवर्ती भट्टीच्या तारांना जोडायचा असतो. आपल्याकडे तशा तारा नाहीत. म्हणून मी घेतली रिमोटसारखे किरण सोडणारी डबी आणि दोन बिनतारी सेन्सर, तापमानाचे आणि दमटपणाचे.

तुम्ही बसवणार असाल तर चार गोष्टी सांगतो. या डब्या बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्याच वाय-फायला जोडल्या जातात, त्यामुळं जोडणी करताना राउटरवर तो पट्टा सुरू ठेवा. सेन्सर पश्चिमेच्या भिंतीवर किंवा एसीच्या झोतात नको, माणूस झोपतो त्या उंचीला ठेवा. चालू आणि बंद यांत अंतर सोडा. मी ३० ला चालू, २७ ला बंद असं ठेवलं. अंतर नसेल तर यंत्र सारखं चालू-बंद होत राहतं आणि कॉम्प्रेसर लवकर मरतो. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ही डबी फक्त बोलते, ऐकत नाही. तिनं 'चालू' म्हटलं की ॲप चालू दाखवतं. एसी खरंच चालू झाला की नाही, हे तिला कळत नाही.

आता यात चाकूरची वीज घाला. दुपारी लाइट जाते. राउटर आणि सेन्सर इन्व्हर्टरवर चालू राहतात, एसी इन्व्हर्टरवर चालत नाही. म्हणजे पुण्यात बसून मला खोली तापताना दिसते. ३३, ३४, ३५. लक्ष ठेवायचं काम इतकं नीट जमलंय, आणि हातात करायला काहीच नाही.

म्हणून मी नियम बदलला. एसी सुरू करायचा हुकूम गेल्यावर वीस मिनिटांत तापमान उतरलं नाही, तर सूचना माझ्या आधी आईच्या फोनवर जाते, मोठ्या आवाजात. ती आली की आई आजीला मागच्या खोलीत नेऊन झोपवते. दुसरा सेन्सर तिथंच आहे. काळ्या दगडाच्या त्या भिंतीतून वाय-फाय धड पोचत नाही, दारातच एक रिपीटर लावावा लागला. पण त्या खोलीचा आलेख बघण्यासारखा आहे. पुढच्या खोलीचा रोज डोंगरासारखा चढतो-उतरतो, मागचा जवळजवळ सपाट. आजीनं दोन्ही रेघा बघितल्या आणि म्हणाली, "हे सांगायला मशीन कशाला लागतंय रं?"

तिच्या बोलण्यात गंमत असली तरी मुद्दा खरा आहे. जानेवारी २०१६ मध्ये सॉफ्टवेअरच्या एका दोषानं नेस्टची बॅटरी उतरली आणि अमेरिकेत कित्येक घरं ऐन थंडीत गार पडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलनं नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांचा आधार काढून घेतला. भिंतीवर हातानं फिरवून ते चालतात, ॲपमधून मात्र गेले. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळं कोणताही सर्व्हर कायमचा नसतो हे मला पगाराइतकं पक्कं माहीत आहे. माळवदाला अपडेट लागायचं तेही दरवर्षी, पण माती गावातलीच होती.

याचा अर्थ परत मातीखाली झोपायला जा, असा नाही. आठ हजार माणसांनंतर तसं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. पण १९९३ नंतर आपण दोन प्रश्न एकात मिसळले. घर पडू नये हा एक, घर तापू नये हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा मिटला नाही. आज चाकूरला जो घर बांधतोय, त्याला भूकंपाचा पट्टाही देता येतो आणि पश्चिमेची भिंत जाडही करता येते. स्लॅबवर पांढरा चुना मारायला तर उन्हाळ्याच्या आधीची एक सकाळ पुरते. आमच्याकडे यंदा ते आधी करायचं ठरलंय. म्हणजे एसीला काम कमी, आणि लाइट गेल्यावर आजीला थोडा जास्त वेळ.

स्मार्ट थर्मोस्टॅट मी काढणार नाही. पण त्याच्याकडून माझी अपेक्षा आता १८८३ मधल्या घंटीएवढीच आहे. त्यानं वेळेवर वाजावं, आणि उठून काही करू शकेल अशा माणसाच्या कानाशी वाजावं.