कमरेवरचा मोबाइल आणि चांभारचौकशा

मराठी माणसाच्या पोशाखाला खिसा तसा उशिराच लाभला. शब्दही आपला नव्हे. तो फारसी ‘कीसा’वरून आलेला. धोतर, अंगरखा, उपरणे या वेशात जवळ बाळगायच्या वस्तूंना जागा उरे ती मुख्यतः कंबरेची. पैशांचा कसा कमरेला, पान-तंबाखूची चंची कनवटीला, कारकुनाची कलमदानी कमरेत, शिपायाची कट्यार शेल्यात. तलवारीचे ‘म्यान’ या शब्दामागेही फारसीतला ‘मियान’ आहे, आणि त्याचे मूळ अर्थ मध्य आणि कंबर हेच आहेत. पुढे बंडी, सदरा, कोट आणि पाटलोण आली तशा या वस्तू खिशात शिरल्या आणि कंबर मोकळी झाली. ती पुन्हा भरली मोबाइल फोनने. या छोट्याशा घटनेकडे साहित्याच्या आणि समाजेतिहासाच्या अभ्यासकांनी थोडे थांबून पाहावे, असे आम्हांस वाटते.

भारतातले पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. धुळ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी मात्र फोन सामान्य माणसाच्या हाती आला तो त्यानंतर सातआठ वर्षांनी. २००३ साली येणारे कॉल मोफत झाले, त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा फोन आला आणि योगायोगाने त्याच वर्षी धुळ्याची नगरपालिका महानगरपालिका झाली. हा फोन साडेदहा सेंटिमीटर लांब, सुमारे साडेचार सेंटिमीटर रुंद आणि तब्बल दोन सेंटिमीटर जाड होता. खिशात तो ठेकूळ ठेवल्यासारखा दिसे. मोटारसायकलवर बसताना मांडीला रुते, उन्हाळ्यात घामाने भिजे, वाकले की सदऱ्याच्या खिशातून पडे. शिवाय, खरे सांगायचे तर, तो लोकांना दिसावा अशीही इच्छा होतीच. पांझरेपलीकडच्या देवपुरात महाविद्यालये पुष्कळ; आमच्या प्राध्यापक-कक्षातही त्या काळी मोकळी कंबर अपवादानेच सापडे.

बाजारात रेक्झिनची तयार पाकिटे मिळत. पण त्यांची शिवण वर्षभरात उसवे, आणि मग माणूस रस्त्याकडेच्या गटई कामगाराकडे जाई. एकदा दुरुस्तीला गेला की पुढच्या वेळी तो नवे पाकीट तिथेच बेतून घेई.

हे काम दिसते तितके सोपे नाही. प्रथम कातडे निवडावे लागते. बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीत, हिरड्यात कमावलेले कातडे पाण्यात भिजवले की मऊ होते आणि ज्या आकारावर ताणून वाळवावे तो आकार धरून ठेवते. क्रोम रसायनात कमावलेले कातडे लवचिक व स्वस्त, पण ते असा आकार धरीत नाही. म्हणून जाणता कारागीर फोनच्या मापाचा लाकडी ठोकळा करतो आणि भिजलेले कातडे त्यावर बसवून सावलीत वाळवतो. मग रापीने कडा तासून पातळ करायच्या, नाहीतर जोडावर गाठीसारखा फुगवटा येतो. मेण लावलेला दोरा, खाच असलेली आरी. आरी कातड्यातून खाली जाते, खाचेत दोरा धरून वर येते आणि त्या फासातून दोऱ्याचे दुसरे टोक ओवले जाते. प्रत्येक टाका अशा रीतीने दुहेरी अडकतो, त्यामुळे एक टाका झिजून तुटला तरी सगळी ओळ उसवत नाही. शेवटी पट्ट्यासाठी मागे पन्हाळ आणि झाकणाला टिचबटण.

आणि या सगळ्याआधी प्रश्न. पट्टा किती रुंद? फोन डाव्या बाजूला की उजव्या? गाडी चालवता की खुर्चीत बसता? फोन आडवा ठेवायचा की उभा? धोतरावर पट्टा बांधता का? घंटी ऐकू यावी म्हणून वरून थोडे उघडे ठेवू का? आडवे पाकीट बसणाऱ्याला सोयीचे, उभे चालणाऱ्याला. उजव्या हाताने काम करणाऱ्याचे झाकण वेगळ्या दिशेने उघडावे लागते. या प्रश्नांवाचून पाकीट बेतता येत नाही. मराठीत नसत्या, निष्कारण विचारपुशीला आपण ‘चांभारचौकशा’ म्हणतो. हा शब्द वर्गात, संपादकीयात, घरात सहज वापरला जातो. चांभाराच्या नजरेवर आणि त्याच्या देवावरही म्हणी आहेत, आणि त्यांतील एकही त्याच्या कसबाचा मान राखणारी नाही. ज्या प्रश्नांवर वस्तूचे नीट बसणे अवलंबून असते, त्यांनाच भाषेने निरर्थकपणाचे नाव देऊन टाकले, हे आम्हांस केवळ विनोदी वाटत नाही.

कातड्यावाचून या प्रदेशाची शेती एक दिवस चालली नसती. विहिरीवरची मोट कातड्याची, तिची सोंड कातड्याची. आसूड, बैलांचे पट्टे, वाहणा, सगळे कातड्याचे. शहरात पाणी वाहणारी पखालही तीच. पखाल गेली तरी ‘दुखणे हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला’ या म्हणीत ती उरली आहे, आणि आजच्या विद्यार्थ्याला हाला व पखाल या दोन्ही शब्दांचा अर्थ सांगावा लागतो. मेलेले जनावर ओढणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे, शिवणे चांभारांकडे, अशी ही वाटणी जन्माने ठरलेली होती. त्या कातड्यातून उपसलेल्या पाण्यावर पिकलेले धान्य सर्वांच्या घरी जाई. ते शिवणारा हात मात्र उंबऱ्याबाहेर. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) बलुत्याची ही रचना तपशिलाने आली आहे. बलुत्यात कामाला स्वतंत्र किंमत नव्हती. वर्षाकाठी खळ्यावर धान्य मिळे, आणि ते किती हे देणाऱ्याच्या मर्जीवरही असे. मोबाइलचे पाकीट मात्र बलुत्याच्या कोणत्याच यादीत नव्हते. त्याचा भाव कारागिराने सांगायचा आणि गिऱ्हाइकाने रोख द्यायचा. एवढ्याशा वस्तूचे महत्त्व आम्हांस इथे दिसते.

पण याची नोंद कुठे सापडावी? इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. जुन्या दप्तरांचे मोल आम्ही जाणतो. तथापि दप्तर बोलते ते तंटा झाला तर. नीट बसलेल्या टाक्याबद्दल कोणी महजर करीत नाही. साहित्याकडे वळावे तर महात्मा फुल्यांनी आपल्या ग्रंथाच्या नावातच आसूड घेतला, आमच्या बहिणाबाईंनी (१८८०–१९५१) मोटेवर कविता रचली. दोन्ही ठिकाणी कातडे आहे, ते शिवणारा नाही. तो स्वतः बोलू लागला तो माधव कोंडविलकरांच्या ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’मध्ये (१९७९). चर्मकार समाजातल्या शिक्षकाची ही रोजनिशी आम्ही शिकवतो तेव्हा त्यातल्या मानहानीवर बोलतो, आणि ते आवश्यकच आहे. मात्र दलित साहित्याच्या चर्चेत वेदना आणि विद्रोह यांच्या जोडीला कौशल्य हा तिसरा शब्द फारसा येत नाही. त्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. ज्या कामाने माणसाला बाहेर बसवले, त्या कामाचे कौतुक करणे म्हणजे त्याला पुन्हा तिथेच बसवणे, अशी रास्त भीती त्यामागे आहे. १९२७ साली महाडला मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन झाले, ते याच साखळीतून सुटण्यासाठी. कसबाचा गौरव करणारा बहुधा ते कसब न करणाराच असतो, हे आम्ही विसरू इच्छित नाही.

नंतरचा इतिहास थोडक्यात. १ मे १९७४ रोजी राज्यात चर्मोद्योग महामंडळ स्थापन झाले, ते आज संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते. गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची शासकीय योजना आली. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली (गाईंसाठी ती १९७६ च्या कायद्यापासून होती), आणि बैलाच्या कातड्याचा एक मोठा स्रोत आटला. म्हशीचे कातडे मात्र मिळते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आले. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडाने तशाच चपला दाखवल्या तेव्हा मोठा गजहब झाला, तो या नावाच्या बळावरच. खानदेशातल्या कातडीकामाला असे नाव नाही. त्याची नक्कल झाली तरी तक्रार करायला कोणी नाही, आणि नक्कल होण्याइतके ते कुणाच्या नजरेसही पडलेले नाही.

कमरेवरचा फोनही आता गेला. तो पातळ झाला, पंधरासोळा सेंटिमीटर लांब झाला आणि खिशात परतला. हातातून तो खाली येतच नाही, हे आणखी एक कारण. जाड फोनची पाकिटे आता क्वचितच कुणी शिवून घेते. देवपुरातल्या रस्त्याकडेच्या स्टॉलवर आता त्याच कापाची, थोडी लांब पाकिटे दिसतात ती वायरमनची, पक्कड आणि टेस्टर ठेवण्याची. खांबावर चढताना पक्कड निसटू नये म्हणून झाकणाऐवजी आडवी पट्टी लावतात, आणि ती पट्टी कुठे लावायची हे ठरवण्यासाठी कारागीर आधी विचारतो, शिडीवरून चढता की दोर बांधून.