भोपाळचे मुष्टियुद्ध आणि प्रशिक्षकाची कसोटी

भोपाळची क्रीडापरंपरा दीर्घकाळ हॉकीच्या नावाने ओळखली गेली. संस्थानी काळात, 1931 मध्ये, सुरू झालेली ओबेदुल्ला खान चषक स्पर्धा आणि शहरातील क्लब यांमुळे या खेळाचे ज्ञान वडीलधाऱ्या खेळाडूंकडून तरुणांकडे आपोआप झिरपत राहिले. मुष्टियुद्धाला मात्र येथे अशी पिढीजात गुरुपरंपरा लाभली नाही. भारतात हा खेळ मुख्यतः लष्कर, रेल्वे, पोलीस आणि इंग्रजी शाळा यांच्या आश्रयाने वाढला, त्यामुळे भोपाळमध्ये तो रुजवण्यासाठी संस्थांमध्ये घडलेल्या प्रशिक्षकावरच विसंबावे लागले.

असा प्रशिक्षक घडवण्याची व्यवस्था देशात हळूहळू उभी राहिली. 1961 मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली आणि 1975 मध्ये तेथे मुष्टियुद्ध प्रशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले मुख्य प्रशिक्षक ओमप्रकाश भारद्वाज होते. 1968 ते 1989 या काळात राष्ट्रीय संघाची धुरा वाहिलेल्या भारद्वाज यांना 1985 मध्ये, कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत आणि अ‍ॅथलेटिक्सचे ओ. एम. नांबियार यांच्यासह, पहिला द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला. मध्य प्रदेशानेही प्रशिक्षकांसाठी विश्वामित्र पुरस्कार ठेवून या कार्याचे मोल राज्य पातळीवर मान्य केले.

पदविकेतून शरीरशास्त्र आणि सरावाचे नियोजन शिकता येते; श्रेष्ठत्व मात्र त्या शास्त्राच्या वापरात दिसते. जाणता प्रशिक्षक नवशिक्याला आधी पायांची ठेवण आणि गार्ड, म्हणजे हनुवटी व बरगड्या झाकणारी हातांची बचावात्मक मांडणी, शिकवतो, आणि ठोसा मारण्याची घाई करू देत नाही. पंचिंग पॅड हातांत घालून तो स्वतः विद्यार्थ्याचे ठोसे झेलतो, कारण खांदा कुठे आखडतो आणि तोल कुठे ढळतो हे त्याला तेव्हाच उमगते. बदलते नियमही त्याला पचवावे लागतात. 1992 च्या ऑलिंपिकपासून वापरल्या गेलेल्या संगणकीय गुणपद्धतीत अनेक पंचांनी जवळपास एकाच क्षणी टिपलेला ठोसाच मोजला जाई, म्हणून लांबून मारलेल्या स्वच्छ ठोशांना महत्त्व आले. 2013 मध्ये प्रत्येक फेरीला दहा गुणांची पद्धत आल्यावर संपूर्ण फेरीवरील वर्चस्व निर्णायक ठरले, आणि जुन्या सवयी मोडून नव्या घडवण्याचे काम प्रशिक्षकांवर येऊन पडले.

त्याची खरी परीक्षा मात्र रिंगच्या कोपऱ्यात होते. दोन फेऱ्यांमधील एका मिनिटात धापा टाकणाऱ्या खेळाडूला दहा सूचना देणाऱ्यापेक्षा एकच नेमकी सूचना देणारा प्रशिक्षक अधिक उपयोगी ठरतो. खेळाडूची नजर अस्थिर झाली, पावले जड पडू लागली, तर पदकाची आशा सोडून टॉवेल टाकण्याचा, म्हणजेच लढतीतून माघार घेण्याचा, निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. खालच्या वजनगटात बसण्यासाठी किशोरवयीन मुलांनी पाणी तोडून वजन उतरवू नये, हे पाहण्याची जबाबदारीही त्याचीच असते.

भोपाळमध्ये ही जबाबदारी आता मोठी झाली आहे. तात्या टोपे स्टेडियममधील राज्य क्रीडा अकादमीत मुष्टियुद्धाचे निवासी प्रशिक्षण दिले जाते, आणि डिसेंबर 2022 मध्ये महिलांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा याच शहरात पार पडली. पुढच्याच मार्च महिन्यात नवी दिल्लीतील जागतिक स्पर्धेत मध्य प्रदेशच्या मंजू बंबोरिया यांनी 66 किलो वजनगटात भारताचे प्रतिनिधित्व केले. घरापासून दूर राहणाऱ्या मुलामुलींसाठी अशा संस्थेतला प्रशिक्षक पालकाच्या जागी असतो, म्हणून त्याचे मोठेपण केवळ पदकांच्या यादीवरून ठरवणे अपुरे आहे. त्याच्या हाताखालून गेलेले बहुसंख्य खेळाडू कधीच विजेते होणार नाहीत. ते निरोगी शरीराने आणि शाबूत आत्मविश्वासाने रिंगबाहेरच्या आयुष्यात गेले का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कामाच्या मूल्यमापनात पदकांइतकेच महत्त्वाचे मानले गेले पाहिजे.