फावल्या वेळचें देवकार्य

धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लेखकाचा हात प्रथम नोंदवह्यांकडे जातो. बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, कोणास कोणत्या दिवशीं माती दिली, ह्या सर्व गोष्टी तेथें शाईनें लिहिलेल्या सांपडतात. परंतु नाताळच्या गव्हाणीसाठीं पूस नदीच्या कांठची चिकणमाती कोणी आणली, तुराट्यांचा गोठा कोणी बांधला, वेदीवरील वस्त्राची किनार रात्रीं दिव्यापाशीं बसून कोणी भरली, हें कोणत्याहि वहींत नमूद नसतें. ह्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत कांहीं ऐतिहासिक मजकूर द्यावा अशी आम्हांस आज्ञा झाली, तेव्हां आम्हीं हाच वगळलेला भाग हातीं घेण्याचें ठरविलें. फावल्या वेळीं, कोणी सांगितल्यावांचून आणि कोणी दाम दिल्यावांचून, केवळ हौसेनें केलेल्या कामाचा आपल्या धर्माशीं काय संबंध पोंचतो, हा आमचा विषय आहे. तो घेण्यास एक घरगुती कारणहि घडलें आहे. तें पुढें ओघानें येईल.

आपल्या लोकांत ‘छंद’ हा शब्द थोडा हलकाच समजला जातो. एखाद्या मुलास चित्रें काढण्याचा किंवा पेटी वाजविण्याचा नाद लागला म्हणजे वडील मंडळी कपाळास आंठ्या घालतात. आणि प्रार्थना, उपवास व दानधर्म ह्यांच्या पंक्तीस सुई, कुंचला वा बांसरी बसविण्यास तर कोणीच धजत नाहीं. पवित्र शास्त्राची दृष्टि इतकी कडक नाहीं. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायांत बसालेल नांवाच्या कारागिराचा उल्लेख आहे. देवानें त्यास आपल्या आत्म्यानें भरलें, तें भविष्य सांगण्यासाठीं नव्हे, तर सोनें, रुपें व पितळ घडविण्यासाठीं, रत्नें बसविण्यासाठीं आणि लांकूड कोरण्यासाठीं. ज्या आत्म्यानें संदेष्टे बोलले त्याच आत्म्यानें सुताराचा हात चालला, असें तेथें स्पष्ट आहे.

आतां मराठी ख्रिस्ती जनांच्या घरचें उदाहरण घेऊं. वऱ्हाडांतील आम्ही लोक ह्या इतिहासाच्या कडेला बसलेले आहों. आमचा अमरावती धर्मप्रांत सन १९५५ मध्यें स्थापन झाला, म्हणजे गोवें व वसई ह्यांच्या मानानें तो कालपरवाचा. परंतु ज्या भाषेंत आम्ही पुसद येथें प्रार्थना करतों त्या भाषेंतील पहिलें मोठें ख्रिस्ती काव्य चारशें वर्षांपूर्वींचें आहे, आणि त्यावर आमचाहि वारसा आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांतील विल्टशर परगण्याचे. सन १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. येशूसंघांत प्रवेश करून ते सन १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यांत गोव्यास उतरले आणि पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं बहुतांशीं साष्टी प्रांतांतील खेड्यांत काढलीं. सन १६१९ मध्यें त्यांचा तिकडेच अंत झाला. धर्मगुरूचीं नित्याचीं कामें त्यांच्यामागें कमी नव्हतीं. परंतु ह्या परकी माणसास येथील भाषांचा अक्षरशः नाद लागला. सन १५८३ मध्यें आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ह्या देशांतील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती असल्याचें लिहिलें आहे. युरोपांतील पंडितांस तें साम्य नीट उमगण्यास पुढें दोनशें वर्षें लागलीं. ज्यास केवळ कर्तव्य म्हणून भाषा शिकावयाची असते तो प्रश्नोत्तरांपुरती शिकतो आणि थांबतो. फादर स्टीफन्स थांबले नाहींत.

त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ कसें जन्मास आलें ह्याची हकीगत त्या ग्रंथाच्या आरंभींच आहे. देवळांत मुलांस धर्मोपदेश चालला असतां श्रोत्यांतील एका ब्राह्मणानें विनंती केली कीं, ही शिकवण चांगली आहे, परंतु पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं आहेत, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? ही मागणी नीट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या माणसास नवा नियम नको होता. नियम त्यास मिळालेच होते. त्यास संध्याकाळीं चार माणसांत बसून ऐकावें व गावें असें कांहीं पाहिजे होतें. त्याचा आनंद हिरावला होता आणि तो परत मागत होता. त्यावर फादर स्टीफन्स ह्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्या रचल्या. पैलें पुराण जुन्या करारावर व दुसरें नव्या करारावर, असे त्याचे दोन भाग आहेत. छंद ओवीचा घेतला, स्वर्गास वैकुंठ म्हटलें, आणि मराठीची स्तुति करतांना फुलें, रत्नें व सुगंधी द्रव्यें ह्यांच्या उपमांची अशी रास घातली कीं, तीं कडवीं आज ख्रिस्तेतर शाळांतूनहि आदरानें वाचलीं जातात. एका पुराणाची गरज भागविण्यास अकरा हजार ओव्या लागत नाहींत. उरलेल्या ओव्या गोडीनें लिहिल्या गेल्या असें आमचें मत आहे.

हा ग्रंथ रायतूर येथें सन १६१६ मध्यें छापला गेला. पुढें सन १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. देवनागरी खिळे हातीं नसल्यामुळें छपाई रोमन लिपींत करावी लागली. पुढें दिवस फिरले. सन १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें आज्ञा काढली कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली टाकून पोर्तुगीज भाषा उचलावी. त्या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांपैकीं एकाहि आवृत्तीची प्रत आज जगांत आढळत नाहीं.

तरीहि ग्रंथ जगला, तो हस्तलिखितांमुळें. गोव्यांत आणि तेथून दक्षिणेस कानडा प्रांतांत जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत ओव्या हातानें उतरून घेतल्या जात, उपवासकाळांत घरीं व देवळांत गाइल्या जात, आणि वही जीर्ण झाली म्हणजे दुसरी लिहिली जाई. अशा प्रती मिळवून व ताडून पाहून जोसेफ साल्ढाणा ह्यांनीं सन १९०७ मध्यें मंगळूर येथें हा ग्रंथ पुनः छापला. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत देवनागरी लिपींतील एक प्रत पडून होती. तिच्याकडे जस्टिन ॲबट ह्यांनीं सन १९२५ च्या सुमारास विद्वानांचें लक्ष वेधलें. देवनागरी वाचकांसाठीं शांताराम बंडेलू ह्यांनीं सन १९५६ मध्यें पुण्यास आवृत्ति काढली. म्हणजे अडीचशें वर्षें हें काव्य यंत्रावांचून, माणसांच्या बोटांवर आणि गळ्यांवर तगून राहिलें.

उतरून घेणें हें काम किती लांबचें आहे ह्याचा अनुभव घ्यावा म्हणून आमच्यांतील एकजण हा लेख चालू असतां एके संध्याकाळीं बोरू घेऊन बसला. तीस ओव्या झाल्या आणि बोटें आंखडलीं. त्या वेगानें रोज न चुकतां बसल्यास संपूर्ण पुराण लिहावयास एक वर्ष लागतें! मात्र त्यानें सांगितलेली एक गोष्ट येथें लिहून ठेवतों. वाचतांना जी ओवी डोळ्यांखालून सहज निघून गेली होती, ती लिहितांना थांबून राहिली. आणि दुसऱ्या दिवशीं शेतावर जातांना ती त्याच्या तोंडांत आपोआप आली. दाम न घेतां ज्यांनीं संबंध वही भरली असेल त्यांचें वेतन काय होतें, हें त्यावरून समजतें.

उत्तरेकडे वसई व मुंबई ह्या भागांतहि असेंच घडलें. फ्रान्सिस्कु वाझ द गिमरांयश ह्यांचें मराठी दुःखसहनपुराण सन १६५९ मध्यें छापलें गेलें, आणि तेथील शेतकरी व कोळी मंडळी तें उपवासकाळांत पिढ्यान्‌पिढ्या गात आलीं. त्याचा विस्तार येथें करीत नाहीं.

गव्हाणीविषयीं मात्र थोडें सांगितलें पाहिजे. कारण पुसदच्या मुलांस जर कोणता धार्मिक छंद असेल तर तो हाच. सन १२२३ च्या नाताळच्या रात्रीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं संत फ्रान्सिस ह्यांनीं गवत, बैल व गाढव आणवून बेथलेहेमचा देखावा मांडला. तेथें मूर्ति नव्हत्या, सोनेंनाणें नव्हतें. गांवांतील जनावरें आणि गांवांतील गवत एवढेंच होतें. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीं सन २०१९ च्या डिसेंबर महिन्याच्या पहिल्या दिवशीं त्याच गांवीं जाऊन गव्हाणीविषयींच्या पत्रावर सही केली, आणि मिळेल त्या जिनसांतून ती रचण्याची ही घरोघरची हौस जपली जावी अशी इच्छा प्रकट केली. आमच्याकडे मिळेल ती जिन्नस म्हणजे कापसाची वाळलेली पऱ्हाटी, तुराट्या, ज्वारीचा कडबा आणि नदीची माती. गोठ्यांतील बैल तर बहुधा तान्ह्या पोळ्याचाच असतो. श्रावणांत ज्याच्या शिंगांस बेगड लावलेली असते तोच लांकडी बैल डिसेंबरांत बाळ येशूपाशीं बसतो. एकदां एका पाहुण्यानें त्याच्या पाठीवरील झूल काढून ठेवा असें सुचविलें होतें. मुलांनीं ऐकलें नाहीं, आणि आम्हांस वाटतें कीं संत फ्रान्सिस मुलांच्याच बाजूचे झाले असते. अलीकडे बाजारांत तयार गव्हाणी मिळूं लागल्या आहेत. त्या सुबक असतात. परंतु त्या मांडावयास दहा मिनिटें पुरतात, आणि मग आगमनकाळच्या संध्याकाळीं मुलांनीं करावें काय?

ह्यानंतर अँजेलो द फोन्सेका ह्या चित्रकाराची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. चित्रकला हा त्यांचा छंद नव्हे, जन्माचा व्यवसाय होता. पण त्यांच्या वांट्यास जें आलें तें हौसेनें काम करणाऱ्या पुष्कळांच्या वांट्यास येतें, म्हणून तें येथें देतों. त्यांचा जन्म गोव्यांत सन १९०२ चा. वैद्यकाचा अभ्यास सोडून ते कलेकडे वळले आणि शांतिनिकेतनांत अवनींद्रनाथ टागोर ह्यांच्या हाताखालीं शिकले. परत आल्यावर त्यांनीं पवित्र मरीयेस साडी नेसलेली, सांवळी, ह्या देशाची माता म्हणून रंगविलें. स्वधर्मीयांपैकीं कित्येकांस तें रुचलें नाहीं. निळ्या झग्यांतील गोरी मरीया तेवढी खरी, आणि पदर घेतलेली मरीया म्हणजे पाखंड, अशी त्यांची समजूत! फोन्सेका गोवें सोडून पुण्यास आले आणि तेथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमांत राहून चित्रें काढीत राहिले. हा आश्रम अँग्लिकन पंथाचा होता. एका कॅथोलिक चित्रकारास आसरा मिळाला तो तेथें, ही गोष्ट आम्हीं खालीं मान घालून लिहितों. सन १९६३ च्या ४ डिसेंबर रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचा आपला लेख प्रसिद्ध केला. पवित्र ख्रिस्तसभेनें कोणतीहि एकच कलापद्धति आपली म्हणून मानलेली नाहीं, आणि सर्व देशांतील व सर्व लोकांच्या कलेस देवळांत मोकळीक असावी, असें त्यांत म्हटलें आहे. फोन्सेका ह्यांचें निधन सन १९६७ मध्यें झालें. म्हणजे हा निर्णय त्यांच्या हयातींत झाला, परंतु त्यांचीं उमेदीचीं वर्षें तोंवर सरलीं होतीं.

आतां घरगुती कारणाकडे येतों. आमच्या तालुक्यांत बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत, आणि त्या स्त्रियांचें भरतकाम सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. रंगीत धागे, बारीक आरसे व कवड्या ह्यांनीं फेटिया व कांचळी अशी भरलेली असते कीं, उन्हांत चालतांना डोळे दिपावे. आमच्या धर्मग्रामांतील एका भगिनीनें शेजारच्या तांड्यावरील बायकांपासून तो टांका शिकून घेतला, आणि घरचें व शेतचें काम आटोपल्यावर रोज थोडें थोडें असें दोन वर्षें बसून वेदीसाठीं एक वस्त्र भरावयास घेतलें. मध्यभागीं द्राक्षवेल व गव्हाच्या ओंब्या, आणि भोंवतीं आरशांची किनार.

आम्हीं काय केलें? ज्युबिली मंडळाच्या बैठकींत तें वस्त्र पाहून आम्हीं प्रशंसा केली आणि बाजूस ठेविलें. आरसे व कवड्या जत्रेंत शोभतील, वेदीवर नव्हे, असें आमच्यांतील एकजण म्हणाला, आणि बाकीच्यांनीं माना हलविल्या. यंत्रावर भरलेलें तयार वस्त्र मोठ्या शहरांतून मागविण्याचा ठराव झाला. ती भगिनी कांहीं बोलली नाहीं. वस्त्र घडी करून घेऊन गेली. पुढें एके दिवशीं तिच्या घरावरून जातांना ती ओट्यावर बसून तेंच वस्त्र भरीत असलेली दिसली. आतां हा खटाटोप कशाला, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “भाऊ, टांका घालतांना मला मरीयामातेशीं बोलल्यासारखें वाटतें. वेदीवर घाला कीं न घाला, तुमची मर्जी.”

त्यानंतर हा लेख लिहावयास बसलों, आणि निर्गम पुनः उघडला. ज्या ग्रंथांत बसालेलाची कथा आहे त्याच्याच ३५ व्या अध्यायांत आपल्या हातांनीं निळें, जांभळें व किरमिजी सूत कांतून निवासमंडपासाठीं आणणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांचें सूत कोणी परत केल्याचें तेथें लिहिलेलें नाहीं. फोन्सेका ह्यांच्याविषयीं लिहितांना तर लेखणी अडखळूं लागली. कारण गोव्यांतील ज्या मंडळींस आम्ही नांवें ठेवीत होतों त्यांच्यांत व आमच्यांत फरक तो काय राहिला? मंडळापुढें विषय पुनः काढला. वाद झाला, दोन बैठका लागल्या, आणि एक सभासद अद्यापि नाराज आहेत. तयार वस्त्राचा ठराव मागें घेण्यांत आला आहे.

ज्युबिलीच्या मिस्सेस वेदीवर भगिनीचेंच वस्त्र असेल. एका बाजूची चार बोटें किनार अजून भरावयाची राहिली आहे. घाई केल्यास टांका बिघडेल, म्हणून तेवढी कोरीच राहिली तर चालेल काय, असें तिनें विचारलें. चालेल, असें आम्हीं कळविलें आहे.